कडेची जागा

बँकॉकहून येऊन आता बरेच महिने झाले, पण एक पिवळा टीशर्ट काही डोक्यातून जात नाही. कॉलरवाला, कडक इस्त्रीचा, बाह्यांवर घडीची रेघ असलेला. ज्या बाईने तो घातला होता तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, चाळिशीची असेल, केस मागे क्लिपमध्ये, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, एवढंच. पण तिच्या खांद्यापासून पोटापर्यंत उडालेले काळपट शिंतोडे मात्र कुठला केवढा होता इतके आठवतात. सोमवारी सकाळी, कामाला निघालेल्या बाईच्या अंगावर गटाराच्या वासाचं पाणी उडालं, आणि ते माझ्यामुळे उडालं.

चाळीस दिवस फिरत होते. आधी व्हिएतनाम, मग लाओस, मग मेकाँग ओलांडून उत्तर थायलंड. पाठीवर अकरा किलोची सॅक, पोटाशी एक छोटी बॅग, आणि दर दोन-तीन दिवसांनी नवीन गाव, नवीन हॉस्टेल, नवीन बंक बेड. शेवटच्या टप्प्यात चिआंग माईहून रात्रीची ट्रेन पकडून बँकॉकला उतरायचं आणि त्याच रात्री अकराच्या विमानाने मुंबई. मधे हातात एक दिवस. बँकॉक मी आधी एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर बघितलं होतं, म्हणजे राजवाडा, मॉल आणि नदीवरचं डिनर, त्यामुळे यावेळी काहीही 'बघायचं' नाही असं ठरवूनच आले होते. कुठेतरी बसायचं, चांगलंचुंगलं खायचं, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि संध्याकाळी एअरपोर्ट गाठायचा. स्टॉपओव्हर म्हणजे तेच ना, शहराने आपल्याला काही विचारायचं नाही आणि आपण शहराला काही विचारायचं नाही.

ट्रेन सकाळी सातच्या सुमाराला क्रुंग थेप अफिवात स्टेशनला लागली. २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी इथे येतात. स्टेशन प्रचंड आहे, चकचकीत आहे आणि सकाळच्या त्या वेळेला इतकं रिकामं होतं की माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू येत होता. थायलंडमध्ये फिरताना मला एक नाद लागला होता, पाट्यांवरच्या नावांमधून आपले शब्द उकरून काढायचा. क्रुंग थेप महानखोन हे बँकॉकचं खरं नाव, त्यातलं थेप म्हणजे देव आणि महानखोन म्हणजे महानगर. एअरपोर्टचं नाव तर सरळ सुवर्णभूमीच. स्टेशनच्या खालून मेट्रो घेतली आणि फेचबुरी स्टेशनवर उतरले, फेचबुरी म्हणजे वज्रपुरी. हे जुळलं की मला उगाच आपण इथलेच आहोत असं वाटायचं. शब्द ओळखीचे निघाले म्हणजे माणसंही ओळखीची झाली, असं मी धरून चालले होते बहुतेक. फेचबुरीला सरकत्या जिन्याकडे चालले होते तेवढ्यात बरोबर आठ वाजले आणि स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं. तिथे रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला लागतं ते. धावत असलेली माणसं जागच्या जागी थांबली, कॉफीचा ग्लास हातात तसाच, एका मुलाने कानातले इयरफोन काढले. मीही थांबले. गीत संपलं आणि सगळे जणू कोणी कळ दाबल्यासारखे पुन्हा धावायला लागले. त्या गर्दीत पिवळे टीशर्ट खूप होते, कारण सोमवार होता. थाई लोकांत प्रत्येक वाराला एक रंग असतो, सोमवारचा पिवळा, आणि आधीचे राजे आणि आत्ताचे राजे दोघंही सोमवारी जन्मलेले, त्यामुळे त्या रंगाला वेगळाच मान.

फेचबुरीपासून चार पावलांवर सेन सेप कालव्याचा आसोक धक्का आहे. हा कालवा १८३७ ते १८४० या काळात तिसरा राम या इथल्या राजाने खणून घेतला, व्हिएतनामशी चाललेल्या लढाईसाठी सैन्य आणि रसद पूर्वेकडे न्यायला. आता त्याच्यातून ऑफिसला जाणारी माणसं जातात. १९९० पासून इथे लांबोळक्या लाकडी बोटींची सर्व्हिस चालते, साधारण अठरा किलोमीटर, वर रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकलेल्या असतात आणि खाली ही बोट सुसाट. टुरिस्ट तसे कमी. धक्क्यावर कोळशावर भाजलेल्या मू पिंगचा, म्हणजे काडीला लावलेल्या डुकराच्या मांसाचा, गोड धूर, कोणाच्या तरी भिजल्या केसांतल्या शाम्पूचा वास आणि त्या सगळ्याच्या खालून कालव्याचा स्वतःचा वास, जड, कुजकट, डोंबिवलीच्या नाल्याशेजारी राहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येणारा. पाणी जवळजवळ काळं. बोट धक्क्याला नीट लागतच नाही, इंजिन चालूच, दोरीचा एक वेढा टाकला न टाकला आणि तेवढ्यात पन्नासेक माणसं चढतात-उतरतात. दार नाही. काठावर पाय ठेवायचा, वरची दोरी धरायची आणि आत उडी मारायची. हेल्मेट घातलेला कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या बाजूने, त्या वीतभर काठावरून चालत तिकिटं फाडतो. हेल्मेट कशाला तर पूल फार खाली आहेत, बोटीचं छप्परसुद्धा पुलाखालून जाताना खाली घेतात. तिकीट अगदी स्वस्त. मी हे सगळं बघून इतकी खुश झाले होते की काय सांगू. आपली लोकल पाण्यात उतरवली तर अशीच दिसेल असं वाटत होतं.

मला कडेची जागा मिळाली. मिळाली म्हणजे, आधी बसलेली माणसं आत सरकली आणि पाठीवर सॅक असलेल्या मला कडेला बसू दिलं. मला वाटलं व्ह्यू मिळाला. सॅक मांडीवर घेतली, फोन काढला आणि मागे पळणारी घरं शूट करायला लागले, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, पायरीवर बसून दात घासणारा म्हातारा. बोटीच्या दोन्ही कडांना निळी ताडपत्री असते. ती खाली दुमडलेली असते आणि तिला दोऱ्या लावलेल्या असतात. समोरून दुसरी बोट आली की तिची लाट या बोटीवर आपटते, तेव्हा कडेला बसलेल्या माणसाने दोरी खेचायची, ताडपत्री वर जाते आणि अख्खी रांग कोरडी राहते. लाट गेली की सोडायची, नाहीतर आत कोंडतं आणि धक्का कुठला आला तेही दिसत नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या पुढचा आणि मागचा माणूस हे करत होता, फोनवरची नजर न हलवता, एका हाताने. माझ्या समोर दोरी लोंबत होती. मी ती पाहिलीसुद्धा होती. फ्रेममध्ये येत होती म्हणून मी फोन जरा डावीकडे घेतला होता.

बोट समोरून आली ती एका पुलाच्या वळणावरून, त्यामुळे अगदी जवळ आली तेव्हाच दिसली. पुढे ताडपत्री वर गेली, मागे वर गेली, मधे माझ्या रांगेपुरती एक खिडकी उघडी राहिली. आणि मी काय केलं, तर फोन छातीशी धरून सॅकवर वाकले. म्हणजे मी वाचले. पाणी माझ्या वाकलेल्या पाठीवरून गेलं आणि शेजारच्या बाईवर पडलं. तिने एक छोटासा आवाज केला, ओरडली नाही, श्वास आत ओढल्यासारखा. मी वळून बघितलं तर तो पिवळा टीशर्ट. गालावर पण एक थेंब होता. माझी जीभ इतकी गडबडली की तोंडातून आलं ते चाळीस दिवसांत सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य, खोप खुन खा. म्हणजे थँक्यू. तिचा शर्ट खराब करून मी तिचे आभार मानले.

तिने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि पहिला टिश्यू मला दिला.

माझ्या केसांतून पाणी गळत होतं म्हणून. मग दुसरा स्वतःसाठी काढला, गाल पुसला, शर्टावर दोन-तीनदा टिपलं, डाग पसरायला लागला तसं थांबली. आणि मग माझ्या समोरून हात लांब करून ती दोरी धरली. काही बोलली नाही, माझ्याकडे रागाने बघितलंही नाही. पुढचे सगळे धक्के, नाना, मग वितथयु (याला इंग्रजीत वायरलेस म्हणतात आणि हा शब्द आपल्या विद्युतवरून आलाय, हेही मला त्याही अवस्थेत आठवलं), ती तशीच अवघडून बसली होती, हात माझ्या सॅकवरून पुढे काढलेला, समोरून बोट आली की खेचायची, गेली की सोडायची. तिच्या मनगटावर देवळातला पांढरा दोरा होता. मी हात पुढे करून 'मी धरते' असं खुणेने म्हणू शकले असते. मला इतकी लाज वाटत होती की मी हललेच नाही. चिदलोम आलं तशी ती उठली, माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे जाताना थांबली, आणि दोरी माझ्या हातात दिली. अक्षरशः माझी बोटं उघडून त्यात ठेवली, लहान मुलाच्या हातात सुटे पैसे ठेवतात तशी, आणि वर एकदा दाबलं. मग काठावर पाय देऊन गेली. गर्दीत दहा-बारा पिवळे टीशर्ट होते, त्यात ती कुठली ते मला मागून शोधता आलं नाही.

चिदलोमनंतर एकच धक्का राहतो, प्रातुनाम. तिथे सगळ्यांना उतरून बोट बदलावी लागते. त्या एका टप्प्यात समोरून एकही बोट आली नाही. मी दोरी घट्ट धरून बसले होते आणि काहीच झालं नाही. प्रातुनामला दुसऱ्या बोटीत चढले तेव्हा कडेची जागा रिकामी दिसत होती. मी सरकत सरकत मधे जाऊन बसले.

हे मधे जाऊन बसणंच जास्त टोचतं खरं तर.

शेवटच्या फान फा धक्क्यावर उतरलं की वर 'वाट साकेत' या देवळाचा सोनेरी डोंगर दिसतो. डोंगर म्हणायचं पण माणसांनीच रचलेला. तिसऱ्या रामाला इथे भला मोठा स्तूप बांधायचा होता, खालची जमीन चिखलाची, तिला वजन पेललं नाही आणि सगळं खचलं, मग त्या ढिगाऱ्यावरच पुढच्या राजांनी टेकडी बांधून काढली. १८२० च्या पटकीच्या साथीत शहरातली प्रेतं याच देवळाच्या आवारात आणून टाकायचे आणि इथे गिधाडं बसलेली असायची. आता झाडीत कारंजी आहेत, गार वाटतं, तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि वाटेत ओळीने घंटा, जाणारा येणारा एकेक वाजवत जातो. मी सॅक घेऊनच चढले. निम्म्यावर एका बाकावर बसले आणि फोनवर शोधलं, थाईमध्ये सॉरी कसं म्हणतात. चाळीस दिवसांपैकी बारा दिवस थायलंडमध्ये होते आणि हा शब्द मला लागलाच नव्हता, याचंही मला तेव्हा आश्चर्य वाटलं. शब्द निघाला 'खो थोत'. खो म्हणजे मागणं. आणि थोत म्हणजे, आपला दोष. संस्कृतातून गेलेला, उच्चार बदललेला, पण तोच. माफी मागताना ती माणसं दोष मागतात. माझ्याकडे दे तो, माझा आहे, असं. मी बाकावर बसून ते दोन शब्द आठ-दहा वेळा पुटपुटले, उच्चार बरोबर येईपर्यंत. समोरून बौद्ध भिक्खूंची एक छोटी रांग खाली उतरत होती, त्यातला सगळ्यात लहान मुलगा माझ्याकडे बघून हसला.

वर स्तूपात बुद्धाच्या अस्थी आहेत. १८९८ मध्ये आपल्याकडे उत्तर प्रदेशात पिप्रहवाला उत्खननात सापडल्या, ब्रिटिश सरकारने त्या सयामच्या, म्हणजे थायलंडच्या, राजाला दिल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचा काही भाग इथे आणून ठेवला. एरवी मी यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मात्र मी गच्चीच्या कठड्याशी उभी राहून खाली कालवा बघत होते. इतक्या उंचीवरून तो रस्त्यांच्या आणि छपरांच्या मधून जाणारा एक काळा दोरा दिसतो, आणि त्यावरून बोट सरकताना दिसते पण आवाज येत नाही. फेब्रुवारीचं धुरकट ऊन होतं. मला आईची फार आठवण आली.

आई तीस वर्षं डोंबिवली-व्हीटी करत होती. मी नऊ-दहा वर्षांची असताना जुलैमध्ये एकदा शाळेला अचानक सुट्टी मिळाली, घरी बघायला कोणी नाही म्हणून ती मला ऑफिसला घेऊन निघाली. लेडीज डब्यातल्या तिच्या ग्रुपने माझं कौतुक म्हणून मला खिडकी दिली. ही केवढी मोठी गोष्ट होती ते तेव्हा कळलं नाही, त्या खिडकीसाठी बायका पहाटे उठून डबे करून धावत यायच्या. बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि कळव्याच्या खाडीवर तिरका पाऊस आत यायला लागला. मला मज्जा येत होती, मी तोंड बाहेर काढून पाऊस झेलत होते. समोर बसलेल्या मावशींची स्टार्च केलेली सुती साडी गुडघ्यापासून भिजत चालली होती, त्या काही बोलत नव्हत्या, कोणाचं तरी पोर आहे म्हणून. आई गर्दीतून वाकली आणि तो लोखंडी शटर दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून खाली घेतला. जुन्या गाड्यांचे शटर, अर्ध्यात अडकायचे आणि मग एकदम सुटायचे. तो सुटला आणि तिच्या अंगठ्यावर आला. तिने तोंडातून शब्द काढला नाही. ठाणं आलं तेव्हा माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "खिडकीत बसलीस ना? मग खिडकी तू बघायची." रागावून नाही, हा डबा कसा चालतो ते सांगावं तसं. ते नख नंतर काळं पडलं, गणपतीपर्यंत तसंच होतं, मोदकाच्या पाऱ्या करताना मला ते दिसत राहिलं.

म्हणजे मला माहीत होतं. हेच सगळ्यात वाईट. एखाद्या परदेशी मुलीला कळलं नसतं तर ठीक आहे, पण मी तर त्याच डब्यात वाढलेली. मुंबईत मी आजही आपसूक हात पुढे करते, पाऊस आला की शटर, कोणी दारातून बॅग पुढे केली की वरच्या रॅकवर ठेवायला घेते, चौथ्या सीटवरची बाई उतरणार असेल तर पाय बाजूला. त्यासाठी विचार करावा लागत नाही. मग त्या बोटीत हात का गेला नाही? मी खूप दिवस याचा विचार केलाय. मला वाटतं चाळीस दिवसांत माझी एक सवय मोडली होती. बॅकपॅकिंगमध्ये सगळे एकमेकांना एकच सांगतात, ओझं कमी करा, कशात अडकू नका. आणि ते खरंच सुंदर असतं, मी ते नाकारत नाही, लाओसमध्ये एका गावात मी तीन दिवस नुसती नदीकडे बघत बसले होते आणि इतकी शांत मी वर्षानुवर्षं नव्हते. पण त्याबरोबर हळूहळू असंही होतं की कुठलीच जागा आपली राहत नाही, त्यामुळे कुठल्याच जागेचं काही बघायला लागत नाही. हॉस्टेलमधला नळ गळतोय, उद्या आपण नाही. समोरची घरं, दात घासणारा म्हातारा, सगळं फ्रेममध्ये येतं, आणि लोंबणारी दोरीसुद्धा फ्रेममध्ये येते. थाई शब्दांतून संस्कृत शोधत मी स्वतःला इथलीच समजत होते आणि इथल्या माणसाला लागणारी एकमेव गोष्ट समोर लोंबत होती, ती मला दिसत असून दिसली नाही. त्या बाईला मी सेकंदभरही परकी वाटले नसावे. तिने मला टिश्यू दिला तसा डब्यातल्या कोणालाही दिला असता, आणि जाताना दोरी दिली ती पण तशीच, आता तुझी पाळी, म्हणून.

दुपार जुन्या शहरात गेली. एका गल्लीत नूडल्सचं सूप खाल्लं, त्यात घातलेला तळलेला लसूण अजून जिभेवर आहे, एका देवळाच्या ओसरीवर तासभर झोपले. पाचच्या आधीच पुन्हा फान फाला आले. मक्कासानहून एअरपोर्टची ट्रेन पकडायची होती आणि त्यासाठी आसोकच बरं पडतं, हे खरं कारण आहेच. पण टॅक्सीही करता आली असती.

प्रातुनामला बोट बदलल्यावर ऑफिस सुटलेल्या गर्दीत ढकलत ढकलत कडेला बसले. यावेळी सॅक पायांत ठेवली, फोन आत. हातात दोरी. पहिल्यांदा मी फारच लवकर खेचली, समोरची बोट अजून लांब होती, रांगेतल्या लोकांना उगाच कोंडून ठेवलं. दुसऱ्यांदा सोडायला विसरले आणि मागच्या बाईने खांद्यावर हलकेच टकटक केलं. दोरी ओली होती, तिला कालव्याचा वास होता आणि तळहाताला ती जरा कापत होती, वजन वाटतं त्यापेक्षा जास्त लागतं. चिदलोमला बोट लागली तेव्हा मी चढणाऱ्या प्रत्येक पिवळ्या शर्टाकडे बघितलं. खो थोत खा, तयार ठेवलं होतं. ती नव्हती. असती तरी मी ओळखलं असतं का, माहीत नाही. तिसऱ्यांदा, वितथयु आणि नानाच्या मधे कुठेतरी, लाट अगदी बरोबर आली, मी बरोबर खेचली, ताडपत्रीवर पाणी थाड्कन आपटलं आणि रांगेत कोणाचंच लक्ष गेलं नाही. माझ्या शेजारी शाळेच्या युनिफॉर्ममधला एक मुलगा होता, बारा-तेराचा, फोनवर गेम खेळत होता, त्याचा अंगठासुद्धा थांबला नाही.

आसोक जवळ आलं तसा कंडक्टर ओरडायला लागला. मला एका हाताने सॅक उचलायची होती आणि दोरी कुठे अडकवायची ते बघत होते, तेवढ्यात त्या मुलाने फोनवरची नजर न काढता हात पुढे केला आणि दोरी माझ्या हातातून घेतली. मी काठावर पाय ठेवला, धक्क्यावरच्या माणसाने कोपराला धरून वर ओढलं. बोट लगेच सुटली. पुलाखालून दुसरी येत होती. सॅकचे पट्टे लावायचं सोडून मी बघत राहिले. त्याच्या रांगेतली ताडपत्री वर गेली.